प्रदक्षिणा आणि मनःशांती

श्रीक्षेत्र गणपतीपुळे येथे श्रींचे स्थान स्वयंभू असून मंदिरामागील डोंगर हेच श्रींचे रूप मानले जाते. त्यामुळे येथील प्रदक्षिणा संपूर्ण डोंगराभोवती, सुमारे १ किलोमीटरच्या वाटेने घातली जाते. झाडीची सावली आणि समुद्राचा वारा यांच्या सान्निध्यात व्याकूळ मनही हळूहळू निवते. जपानच्या वनखात्याने १९८२ साली अरण्यातील अशा शांत सहवासास ‘वनस्नान’ या अर्थाचे नाव देऊन त्याचा पुरस्कार केला.

मग निसर्गास केवळ औषध मानावे काय? औषध घेणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या दुखण्यावरच असते. प्रदक्षिणेत मात्र मध्यभागी देव असतो आणि आपण कडेने चालतो. ‘मी’ मधून बाजूस सरला की मनाचा भार उतरू लागतो. दुःख नाहीसे होत नाही. ते सोसण्याचे बळ मिळते. खिन्नता दीर्घकाळ टिकल्यास वैद्यकीय उपचार अवश्य घ्यावेत. त्याने श्रद्धेस उणेपणा येत नाही.

ज्या डोंगरास देव मानावयाचे, तेथेच कचरा टाकून मनःशांती मागणे उचित नव्हे. भाविकांनी ही वाट मौनाने चालावी व निर्मळ राखावी. तीही श्रींची सेवाच होय.