फारोने विचारलेले वय

याकोब मिसर देशात फारोपुढे उभा राहिला, तेव्हा राजाने त्यास त्याचे वय विचारले. ही गोष्ट उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात आहे, व आपल्या मंडळ्यांत ती पुष्कळांस ठाऊक आहे. म्हाताऱ्याने एकशे तीस वर्षे सांगितली, आणि ती थोडी व कष्टाची गेली असेही सांगितले. इतका साधा प्रश्न, इतके साधे उत्तर! म्हणून आम्ही आजवर तेथे न थांबता पुढे वाचीत गेलो. परंतु ज्याने तरुणपणी आंधळ्या बापापुढे थोरल्या भावाचे नाव आपले म्हणून सांगितले, तोच मनुष्य येथे परक्या राजापुढे स्वतःविषयी जे खरे तेच सांगतो, हे आमच्या ध्यानात अलीकडे आले. आणि त्यास निमित्त झाले बेसबॉल नावाच्या खेळाचे. वाचकांस याचे नवल वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेसबॉल हा चेंडू व दांडक्याचा खेळ असून अमेरिकेत त्यावर मोठा धंदा चालतो. तेथील संघांत डोमिनिकन प्रजासत्ताक या लहानशा देशाचे खेळाडू पुष्कळ असतात. कॅरिबियन समुद्रात एक बेट आहे. त्याच्या पश्चिमेस हैती, पूर्वेस हा देश. लोक स्पॅनिश बोलतात. तेथे ऊस फार पिकतो, आणि सान पेद्रो दे माकोरिस यासारख्या साखर कारखान्यांच्या गावांतून कित्येक नामांकित खेळाडू निघाले आहेत. मुलगा सोळा वर्षांचा झाला की अमेरिकन संघास त्याच्याशी करार करिता येतो. सोळाव्या वर्षी जो मुलगा जोराने चेंडू फेकतो त्याचे मोल लाखो डॉलर होऊ शकते. तोच मुलगा, तोच हात, पण वय एकोणीस असे कळले की भाव उतरतो. कधी कधी गिऱ्हाईकच मिळत नाही. आपल्या बैलबाजारात खोंडाचे तोंड उघडून तो आदत आहे, दोन दाती आहे की जुळला आहे हे पाहतात. मुलाचे दात पाहून वर्ष सांगता येत नाही. तेथे जन्मदाखला पाहतात. आणि दाखला माणसाच्या हातचा असतो.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाल्यावर त्या सरकारने परदेशीयांचे कागद बारकाईने तपासण्यास आरंभ केला. तेव्हा शेकडो खेळाडूंचे वय कागदावरील वयाहून अधिक निघाले. कोणी एक वर्ष चोरले होते, कोणी दोन, कोणी त्याहूनही जास्त. २००६ साली वॉशिंग्टनच्या संघाने एका सोळा वर्षांच्या मुलास १४ लाख डॉलर दिले. २००९ साली उघडकीस आले की तो चार वर्षांनी मोठा होता व त्याचे नावही दुसरेच होते.

मिगेल तेहादा हा बानी गावचा गरीब मुलगा. लहानपणी लोकांचे बूट पुसून त्याने चार पैसे मिळविले. १९९३ साली ओकलंडच्या संघाचा मनुष्य त्यास पाहावयास आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याने सतरा सांगितले. पुढे २००२ साली तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. इतका मान मिळाल्यावर तरी ती दोन वर्षे परत करावयाची होती, असे आपण म्हणू. पण खोटे बोलताना वाट जितकी सोपी असते तितकी परततांना नसते. एप्रिल २००८ मध्ये मुलाखत चालू असता विचारणाऱ्याने त्याचा खरा जन्मदाखला पुढे ठेविला. तो उठून गेला, आणि मग आपल्या संघापाशी जाऊन त्याने खरे वय सांगितले. पंधरा वर्षे ते ओझे त्याने वाहिले होते. याच मनुष्याने २००५ साली निषिद्ध औषधांच्या चौकशीत अमेरिकन काँग्रेसच्या अधिकाऱ्यांपासूनही सत्य लपविले, व २००९ साली न्यायालयात तो अपराध कबूल केला. याकोबाचेही असेच. बापास करडांच्या कातड्याने फसविले, आणि म्हातारपणी त्याच्याच मुलांनी बकऱ्याच्या रक्तात भिजविलेला योसेफाचा झगा आणून त्यास फसविले.

तथापि तेहादास दोष देऊन उठून जाणे आम्हांस बरे वाटत नाही. ती कातडी याकोबाने आपल्या हाताने बांधली नव्हती, आईने बांधली. डोमिनिकन देशात मुलांस शिकवून संघांना विकणारे दलाल असतात. त्यांस तेथे बुस्कोन म्हणतात, व कराराच्या पैशातून त्यांस मोठा हिस्सा मिळतो. मुलाच्या पाठीमागे हा दलाल असतो, पैसे घेऊन तारीख बदलणारा कारकून असतो, कर्जात बुडालेला बाप असतो. आणि विकत घेणारा? इसहाकाच्या कानांनी धाकट्याचा आवाज ओळखला होता. तरी पुढे रुचकर ताट होते, आणि म्हाताऱ्याने हातास जे लागले तेच खरे मानिले. दाढी फुटलेल्या मुलास सोळा वर्षांचा म्हणून घेणाऱ्या श्रीमंत संघांसही थोडीबहुत भूक होतीच, असे आमचे मत आहे. मात्र एसाव बाहेर रानात होता, हे कोणी विसरू नये. खऱ्या सोळा वर्षांचा एखादा मुलगा त्याच दिवशी त्याच मैदानाच्या कडेला उभा असेल, आणि संध्याकाळी घरी परत गेला असेल. त्याचे नाव कोणत्याही वर्तमानपत्रात आले नाही.

आमच्या वाचकांत बाप्तिस्म्याची वही राखणारे उपदेशक आहेत. त्यांस हे प्रकरण दूरचे वाटू नये. शाळेत घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लिहिली अशी माणसे आपल्याकडे घरोघर आहेत. त्यात कपट नव्हते. तारीख कोणासच ठाऊक नव्हती. परंतु ठाऊक असलेली तारीख बदलून मागणारा मनुष्यही येतो. एका बापाने मुलास खेळाच्या वसतिगृहात घालण्यासाठी वहीतील वर्ष एकाने पुढे करून दाखला द्यावा, असे आम्हांस विनविले. मुलगा खरोखर चपळ होता, घरात दुष्काळ होता. आम्ही नाही म्हटले. मुलाची जागा गेली, आणि तो बाप त्यानंतर उपासनेस आला नाही. आपण बरोबर केले असे आम्हांस आजही वाटते; पण त्या घरावरून जाताना पाय जड होतात, हेही लपवीत नाही.

आता आणखी एकाची हकीकत. फाउस्तो कार्मोना या नावाचा गोलंदाज क्लीव्हलंडच्या संघात होता. डिसेंबर २००० मध्ये करार झाला तेव्हा त्याने सतरा वर्षे सांगितली. होता वीस वर्षांचा. २००७ साली त्याच्या नावे एकोणीस विजय लिहिले गेले. जानेवारी २०१२ मध्ये प्रवेशपत्रासाठी तो सांतो दोमिंगो येथील अमेरिकन वकिलातीत गेला व बाहेर पडताच पकडला गेला. त्याचे खरे नाव रोबेर्तो एर्नांदेस एरेदिया. ते एकोणीस विजय दुसऱ्याच्या नावावर जमा होते!

यब्बोकाच्या उतारापाशी रात्रभर झोंबी झाल्यावर याकोबास पुन्हा नाव विचारण्यात आले. पूर्वी आशीर्वादासाठी त्याने एसावाचे नाव सांगितले होते. या वेळी आपलेच सांगितले. आशीर्वाद मिळाला, आणि उजाडले तेव्हा तो लंगडत चालला होता.

एर्नांदेसला काही महिने मायदेशी थांबावे लागले, शिक्षा भोगावी लागली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तो क्लीव्हलंडकडून पुन्हा मैदानात उतरला. त्या हंगामात त्याने तीन सामने खेळले; तिन्हींत पराजय त्याच्या माथी आला. पुढल्या वर्षी टँपा बेच्या संघाने त्यास घेतले. तेथे तेरा पराजय झाले आणि सहा विजय. हे सहा रोबेर्तो एर्नांदेस या नावापुढे लिहिलेले आहेत.