गाळ कुणाचा?



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकावर. देवांनी दिलेलं त्यांना काहीच परत न देता जो नुसता भोगतो, त्याला भगवंत इथे सरळ चोर म्हणतात. शब्द कडक आहे. हा श्लोक आला की मला आमच्या कड्याकडचा गाळ आठवतो.

कडा म्हणजे बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका. दुष्काळी पट्टा, बरंचसं रान हलकं, मुरमाड. जोराचा पाऊस झाला की पाणी थांबत तर नाहीच, वरची माती घेऊन जातं. ती ओढ्याने वाहत तलावात जाऊन बसते. उन्हाळ्यात तलाव आटला की तीच जेसीबीने काढायची, ट्रॉल्या भरून हलक्या रानात पसरायची, कुळवाने खालच्या मातीत मिसळायची. तुम्ही गॅलरीतल्या कुंडीची वरची इंचभर माती काढून गांडूळखत घालता ना, तसंच काहीसं, फक्त एकरांच्या मापात. गाळाचे बारीक कण ओल धरून ठेवतात. (काळ्या भारी रानात मात्र टाकू नये, चिबड होतं. आणि गाळ घातला म्हणून शेणखत चुकत नाही.)

2017 मध्ये राज्य सरकारने यासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. गाळ फुकट, वाहतूक शेतकऱ्याची. पुढे लहान शेतकऱ्यांना एकरी 15,000 रुपयांपर्यंत अनुदानही ठरलं. चांगलंच झालं.

पण हा गाळ कुणाचा? तलाव सरकारचा, मान्य. माती तर वरच्या अंगाच्या कुणाच्या तरी रानातून आलीये. ज्याचं रान धुपलं तो उतारावरचा, दोन एकरवाला. आणि गाळ आधी नेतो कोण? ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तो.

मी आमच्या आबांना विचारलं, "आबा, ही माती दुसऱ्याची नाही का?"

"आरं, आपल्या रानातली माती खालच्या गावाला गेलीच की. तिचा हिशोब कुणी ठेवलाय?"

आबांच्या बाजूने बोलायचं तर सोळाव्या श्लोकात भगवंतही चक्राचीच गोष्ट करतात. ज्या हाताने दिलं त्याच हातात परत द्यायचं, असं काही तिथे नाही. पण मला एक खटकतं. चक्राचं तत्त्वज्ञान घेणाऱ्याला फार सोयीचं पडतं. "कुठेतरी पोचेलच" म्हटलं की आपण मोकळे! पुण्या-मुंबईत बसून गावाबद्दल, आई-वडिलांबद्दल आपण हेच म्हणतो की नाही?

म्हणून मला वाटतं, गाळ नेणारा चोर नाही. पण नेलेली माती बांध न घालता पुन्हा वाहू देणारा, आणि वरच्या रानाकडे मान वर करूनही न बघणारा, त्याला तो शब्द लागू पडतो.

मागच्या उन्हाळ्यात आबांनी वरच्या शेजाऱ्याच्या रानात चार ट्रॉल्या गाळ टाकला. तो डिझेलचे पैसे द्यायला आला तर म्हणाले, "पैसे ऱ्हाऊ दे, आधी बांध घाल."

आता आबा याला दान म्हणतात. मी म्हणतो, दान असेल तर नाही दिलं तरी चाललं असतं, ही परतफेड आहे. यावर आमचं अजून जमलेलं नाही.