भार दिल्यावर कळतं

वीज नाही, ही तक्रार बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वीज आहे पण पुरत नाही, हे पटवून देताना मात्र दमछाक होते. बल्ब लागलेला असतो, पंखा रडतखडत फिरत असतो आणि समोरचा माणूस खिशातला टेस्टर काढून सॉकेटमध्ये खुपसतो. "लाइट हाय की. टेस्टर लागतंय." टेस्टरमधला निऑनचा दिवा शंभरेक व्होल्टवरही लाल होतो. वीज किती आहे, हे सांगणं त्याचं कामच नव्हे.

एका संस्थेची नेत्रतपासणीची बस आहे. तिच्यातल्या विजेचं सगळं मी पाहतो. मागच्या बाजूला झोपायच्या दोन फळ्या, औषधांचा फ्रीज, दीड टनाचा एसी, अवजारं उकळायचं यंत्र, इन्व्हर्टर. एकदा गाव धरलं की गाडी तिथंच उभी आणि मुक्कामही गाडीतच. पाटोदा, आष्टी, शिरूर या तालुक्यांतली ऊसतोडीला गेलेली माणसं कारखाने थंडावल्यावर घरी परततात, म्हणून आमची शिबिरं ऐन उन्हाळ्यात. गाडी शाळेच्या किंवा देवळाच्या पटांगणात लावायची, सरपंचांना विचारून ग्रामपंचायतीच्या मीटरवरून वायर ओढायची. दिवसभर सगळं ठीक चालतं. संध्याकाळी फ्रीज गुंगुं करतो, दोन-तीन सेकंद थरथरतो आणि त्याचा ओव्हरलोड टक् करून सोडून देतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

मीटर लावला तर १८० व्होल्ट. हवे होते २३०. पन्नास व्होल्ट गेले तर काय मोठंसं, असं वाटतं; पण तापणाऱ्या यंत्राची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. १८० वर पाणी उकळायला जेमतेम साठ टक्के ताकद उरते. मोटरच्या सुरुवातीच्या जोराचंही तेच. कॉम्प्रेसरला पहिला हिसका देता येत नाही, तो जागच्या जागी अडून राहतो आणि अडलेली मोटर चालत्या मोटरच्या कित्येक पट करंट ओढते. फ्रीज अंधारापेक्षा मंद उजेडातच जास्त जळतात, ते यामुळे.

अशा वेळी गावकरी परळीकडे बोट दाखवतात. औष्णिक केंद्राचा पहिला संच, ३० मेगावॅटचा, १९७१ साली तिथं सुरू झाला. पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच आले. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्र बंद ठेवावं लागलं, हेही लोकांच्या ध्यानात आहे. "वीज आमच्या जिल्ह्यात बनती आन् आमालाच डीम लाइट कामून?" प्रश्नातला राग मला समजतो, पण त्यात तथ्य नाही. परळीची वीज २२० केव्हीवर चढून राज्याच्या जाळ्यात मिसळते. तिथून आपण किती किलोमीटरवर आहोत याला अर्थ उरत नाही. अंतर मोजायचं ते डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून. ११ हजार व्होल्टची लाइन डीपीवर उतरते, तिथून तीन फेजमध्ये ४३३ निघतात, म्हणजे एका फेजला २५०. पुढच्या खांबांवर थोडे गळणार हे धरूनच ते जास्त दिलेले असतात. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत घरगुती दाबाला सहा टक्के खाली-वर एवढीच मुभा होती; त्या हिशेबानं २१६ च्या खाली जायला नको. तेव्हा विचारायचं ते हे, की डीपी आणि आपला सॉकेट यांच्यामध्ये सत्तर व्होल्ट नेमके कुठे सांडले.

ते शोधायचं तर आधी भार द्यावा लागतो. रिकाम्या वायरीवर मीटर नेहमी चांगलंच बोलतो. सगळं बंद करून मोजलं तर गाडीत २२८ दिसतील आणि वायरमन म्हणेल, बघा, व्होल्टेज फुल आहे. एसी आणि फ्रीज चालू करून मोजा. आणि गाडीत एकदा मोजून थांबू नका. ग्रामपंचायतीच्या मीटरपाशी, बोर्डावर, आपल्या वायरीच्या टोकाला, एकामागून एक मोजत या. मीटरपाशीच १८५ असतील तर दोष गावाच्या लाइनचा. तिथं २१५ आणि गाडीत १८० असतील, तर उरलेले पस्तीस आपल्याच पटांगणात हरवलेत.

त्यातले वीसेक बहुधा वायरीत जातात. मंडपवाल्याकडची एक एमएमची वायर, साठ मीटर. जायची आणि यायची धरून एकशे वीस मीटर तांबं, सव्वादोन ओहमच्या आत-बाहेर रोध. नऊ अँपिअर ओढले की वीस व्होल्ट वाटेतच संपले. त्यात अर्धी वायर चाकाशेजारी वेटोळं करून ठेवलेली. ते वेटोळं आतून तापत राहतं आणि कधी प्लास्टिक वितळून एकजीव होतं. चार एमएमची वायर तेवढ्याच अंतराला पाच व्होल्ट खाते. महाग असते, जड असते, गुंडाळताना हात भरून येतात. तरी घ्यावी.

बाकीचे सांध्यात. एका गावातला असाच एक सांधा अजून डोळ्यांपुढे आहे. खांबावरून आलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आणि बोर्डाकडे जाणारी तांब्याची, दोन्हींना पीळ देऊन वर काळी टेप. टेप सोडवताना चिकट द्रव बोटांना लागला. आत अ‍ॅल्युमिनियमवर पांढुरकी भुकटी, तांबं काळंनिळं, आणि पिळाचा एकच वेढा धातूला धातू लागून उरलेला. या दोन धातूंना थेट जोडलं की ओलाव्यानं गंज चढतो, गंजानं रोध वाढतो, रोधानं सांधा तापतो आणि तापल्यानं आणखी सैल होतो. भर दुपारी कुणाला कळत नाही. संध्याकाळी सगळ्या घरांचे दिवे लागले की त्याचा कस लागतो. मेन स्विच पाडून वायरमननं तो कापला, दोन्ही धातूंना चालणारा लग दाबून बसवला आणि गाडीत तेरा व्होल्ट परत आले.

लोकांचा नेहमीचा उपाय म्हणजे स्टॅबिलायझर. त्याच्याविषयी माझं मत फारसं बरं नाही. तो व्होल्ट निर्माण करत नाही. लाइनमधून जास्त करंट ओढून आपल्या घरात व्होल्ट वाढवतो. करंट वाढला की खांबावरची घट आणखी वाढते. गल्लीत दहा घरांनी बसवले की अकराव्याची ट्यूब फडफडायला लागते. शेतीपंपांच्या ऑटोस्विचचंही तसंच: रात्री थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डीपी आचका देते. महावितरण ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा म्हणून सांगत असतं. पण रात्री दोनला अंधारात, विंचूकाट्यात विहिरीवर जायचं कुणी? तो स्विच बसवणाऱ्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

एक प्रकार मात्र वेगळा ओळखायला हवा. आपल्याकडे दिवे मंद आणि शेजारच्या घरात एकदम भगभगीत, असं दिसलं तर मोजत बसू नये. न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला आहे. उन्हाळ्यात डीपीच्या आर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो, तेव्हा तर हमखास भीती. प्लग उपसायचा, शेजाऱ्यांना ओरडून सांगायचं आणि वायरमनला बोलवायचं.

गाडीतली बारा व्होल्टची बाजूही याच स्वभावाची. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर १८० च्या खाली तो लाइट गेली असं समजतो आणि गुपचूप बॅटरीवर जातो. बाहेर खांबावर दिवा जळतोय, आत रात्रभर बॅटरी उपसली जातेय. सकाळी बॅटरी टेकलेली, आणि दोष बॅटरीवाल्याला. विसावलेली बॅटरी १२.६ दाखवते तेव्हा ती भरलेली, १२.२ ला अर्धी. पण चार्जिंग नुकतं काढलं असेल तर हे आकडे फसवे. भार देऊन पाहावं, आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटावर, दुसरी त्याच खुंटाला आवळलेल्या लगवर ठेवावी. डोळ्यांना एकच धातू दिसतो, मीटर अर्धा व्होल्ट दाखवतो. पन्नास अँपिअरला तो अर्धा व्होल्ट म्हणजे पंचवीस वॅटची ऊब, एका नटाखाली. खाण्याचा सोडा, कोमट पाणी, ब्रश, आणि पाना. नवी बॅटरी पुष्कळदा लागतच नाही.

सांधा झाला, चार एमएमची वायर आली, तरी त्या गावात संध्याकाळी एक कोडं उरलंच होतं. आमचा एसी लागला की लाइनच्या शेवटच्या घरातली पिठाची गिरणी अडखळायची. आम्ही त्यांच्या वाटचे व्होल्ट घेत होतो, आणि तेही बायका डबे घेऊन रांगेत उभ्या असताना. गिरणीवाले मामा गाडीपाशी आले, भांडायला नव्हे, वेळ ठरवायला. पाच ते आठ गिरणी. त्या वेळात आमचा एसी बंद, फ्रीज आणि दिवे चालू. आठनंतर पट्टा उतरवला की ते पटांगणाकडे तोंड करून हाक मारायचे, "लावा आता!"