लाभाचा धनी

रायपूरहून बिलासपूरकडे निघालेला रस्ता भनपुरीतून जातो. लाकडाच्या वखारी, लोखंडाचे कारखाने आणि मालमोटारींच्या रांगा असे या औद्योगिक वस्तीचे रूप आहे. येथल्या रोलिंग मिलमधील मजुराला 'आंतरराष्ट्रीय व्यापार' हा शब्द कदाचित परका वाटेल. परंतु पोलादाच्या जागतिक भावातील चढउतार त्याच्या पाळीपर्यंत येऊन पोचतो. विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गात याच विषयाची चर्चासत्रे भरतात. या दोन स्थळांमधील अंतर हा केवळ ज्ञानाचा प्रश्न नाही, तो नीतीचाही प्रश्न आहे. साहित्याचा अभ्यासक म्हणून मी त्याकडे भाषेच्या वाटेने जाऊ इच्छितो.

या विषयाच्या अध्यापनात एक विधान पुनःपुन्हा येते : व्यापारामुळे देशाला लाभ होतो. 'देशाला' या पदापाशी क्षणभर थांबले, की विधानाची निर्दोषता डळमळू लागते. देश जेवत नाही, देशाची नोकरी जात नाही. लाभ आणि हानी भोगणारी असतात ती माणसे.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेले प्रसिद्ध उदाहरण पाहावे. ठरावीक कापडासाठी इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे लागतात आणि मद्यासाठी १२०. पोर्तुगालमध्ये अनुक्रमे ९० आणि ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस असूनही त्याने मद्यच करावे व कापड इंग्लंडकडून घ्यावे. त्यात इंग्लंडचे २० आणि पोर्तुगालचे १० माणसांचे श्रम वाचतात. तर्क बिनतोड आहे. तथापि पोर्तुगालचे ते ९० विणकर द्राक्षमळ्यात केव्हा गेले, कसे गेले, मधल्या काळात त्यांच्या चुली कशावर पेटल्या, हे कोष्टक सांगत नाही. तेथे माणसे मोजली आहेत. त्यांना चरित्र मात्र दिलेले नाही.

अर्थशास्त्राला या उणिवेची जाणीव नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३९ मध्ये कॅल्डॉर आणि हिक्स यांनी एक कसोटी सुचवली : ज्यांना लाभ झाला ते, ज्यांची हानी झाली त्यांची भरपाई करूनही लाभातच राहू शकत असतील, तर तो बदल इष्ट मानावा. मात्र भरपाई प्रत्यक्ष व्हावी, अशी अट या कसोटीत नाही. 'भरपाई करता येईल' आणि 'भरपाई केली' या दोन क्रियापदांमध्ये जी दरी आहे, तिच्यातच नीतीचा सारा प्रश्न सामावलेला आहे.

मराठी माणसाने हा प्रश्न विद्यापीठीय संशोधनातच विचारला होता, याचे स्मरण येथे उचित ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विनिमयाचा दर घसरला की निर्यात वाढते, म्हणून देशाचा फायदा होतो, हे मत त्या काळी प्रबळ होते. आंबेडकरांनी त्या फायद्याचे मूळ शोधले. किमती वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. सबब निर्यातदाराचा लाभ परक्यांकडून येत नसून देशातील मजुराच्या पदरातून येतो, असे त्यांनी दाखवले. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपला मतभेदही नोंदवला. चर्चासत्राचा आदर्श याहून निराळा काय असू शकतो? जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले, तेव्हाही तोच प्रश्न विचारण्याजोगा होता.

यावरून व्यापारावर बंधने घालणे आपोआप नीतिमान ठरते, असा निष्कर्ष काढता येणार नाही. रायपूरशी निगडित असलेले माधवराव सप्रे जन्माने मराठी भाषक. वंगभंगानंतरच्या काळात त्यांनी हिंदीतून स्वदेशी व बहिष्काराचा हिरिरीने पुरस्कार केला. पारतंत्र्यात त्या पुरस्कारामागे स्वाभिमानाचे मोठे बळ होते. परंतु रवींद्रनाथांच्या 'घरे बाइरे' (१९१६) या कादंबरीतील जमीनदार निखिलेश आपल्या बाजारात विलायती मालाला बंदी करण्याचे नाकारतो, कारण स्वस्त मालावर गुजराण करणाऱ्या गरिबालाच त्या त्यागाची किंमत मोजावी लागणार असते. बहिष्काराच्या बाजूनेही एक 'देश' उभा राहतो आणि त्याच्याही आड काही माणसे दिसेनाशी होतात.

मुक्त व्यापार असो वा संरक्षण, दोन्ही पक्षांचा मोह एकच आहे : अनेकवचनाला एकवचन करून टाकण्याचा. बाहेरून स्वस्त पोलाद आले तर घर बांधणाऱ्याचा खर्च कमी होतो आणि भनपुरीतल्या मजुराची पाळी जाऊ शकते. जकात वाढली तर उलट घडते. दोघेही देशच आहेत. म्हणून धोरणाची निवड टाळता येत नाही. टाळता येते ते तिच्या किमतीविषयीचे मौन.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने कोष्टके टाकून कादंबऱ्या वाचाव्यात, असे माझे म्हणणे नाही. कोष्टकावाचून करुणा आंधळी राहते आणि पुष्कळदा चुकीच्या माणसाला दान देते. अपेक्षा इतकीच की, 'देशाला लाभ झाला' असे लिहून झाल्यावर त्याने लेखणी लगेच खाली ठेवू नये. कोणाला झाला, कोणाच्या पदरातून झाला आणि भरपाई कोणी दिली, ही तीन उत्तरे त्याने लिहावीत. ती लिहिल्याशिवाय त्याचा प्रबंध कदाचित मान्य होईल. पूर्ण मात्र होणार नाही.