परसातील हिरवळ आणि मालकीची मर्यादा

स्वतःच्या मालकीच्या जमिनीचे मनुष्याने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा आहे. परंतु कायदा जेथे थांबतो तेथूनच तो खरा सुरू होतो. दुसऱ्यास इजा होणार नाही अशा बेताने आपल्या वस्तूचा उपभोग घ्यावा, एवढे कायदा सांगतो. पण ज्याला इजा होणार तो ‘दुसरा’ अद्याप जन्मासच आला नसेल, तर त्याचे वकीलपत्र कोणी घ्यावे?

हा प्रश्न मनात येण्याचे निमित्त क्षुल्लक आहे. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या राज्यात, घरामागच्या परसात कृत्रिम हिरवळीचे क्रीडांगण करून घेण्याची रीत रूढ झाली आहे. वरची माती काही इंच खोदून काढतात, तिच्या जागी खडी व कच घालून ती यंत्राने दाबतात, त्यावर प्लॅस्टिकच्या तंतूंचा गालिचा अंथरतात आणि तंतू ताठ राहावेत म्हणून त्यांत वाळू किंवा जुन्या टायरांच्या रबराचा चुरा भरतात. मग मुले बारा महिने चिखलावाचून खेळतात. आपल्याकडील शहरांतूनही बॉक्स क्रिकेटच्या निमित्ताने हा गालिचा आता परिचयाचा झाला आहे.

या हिरवळीला प्रसिद्धी कशी मिळाली, हे बोधप्रद आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात १९६५ साली ॲस्ट्रोडोम हे छत असलेले भव्य क्रीडागृह उघडले. छताच्या तावदानांतून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपत, म्हणून तावदाने रंगवली; उजेड कमी झाला आणि आतले गवत मेले. १९६६ साली तेथे प्लॅस्टिकची हिरवळ आली. आधी सूर्य झाकला, आणि मग सूर्यावाचून चालणारे गवत आणले! मेलेले ते गवत बर्म्युडा जातीचे होते. पाश्चात्त्यांचे हे बर्म्युडा गवत म्हणजे आपल्या शेतकऱ्याला नकोशी वाटणारी हरळी, आणि गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. नांगराला दाद न देणारी ही वनस्पती केवळ उजेड हिरावल्याने हरली.

तथापि प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देणे न्यायाचे नव्हे. कॅलिफोर्नियातील परसात पूर्वी जी खरी हिरवळ होती, ती तरी कोठे निसर्गदत्त होती? लॉस एंजेलिस शहराला १९१३ सालापासून दोनशेहून अधिक मैलांवरून कालव्याने पाणी आणावे लागले. त्या पाण्यावर शोभेचे गवत पोसणे हाही एक अविचारच होता. म्हणून दुष्काळाच्या ऐन भरात, २०१५ साली, त्या राज्याने कायदा केला की, घरमालकांच्या संघांनी सभासदांना कृत्रिम हिरवळ घालण्यास मनाई करू नये. तेव्हा ‘नैसर्गिक ते चांगले, कृत्रिम ते वाईट’ हा सोपा निकष येथे लागू पडत नाही.

परंतु त्याच राज्याने २०२३ साली दुसरा कायदा करून, घरांच्या आवारात अशा हिरवळीस बंदी करण्याचा अधिकार शहरांना व परगण्यांना दिला. मधल्या आठ वर्षांत काय घडले? पाण्याचा हिशेब आधी दिसला, मातीचा मागाहून. हा गालिचा उन्हात जिवंत गवतापेक्षा पुष्कळच अधिक तापतो. त्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. त्याचे तुटलेले बारीक तंतू आणि रबराचे कण पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातात. युरोपीय संघाने २०२३ सालीच अशा चुऱ्याच्या विक्रीस आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंदी ठरवली. आणि दहा-पंधरा वर्षांनी गालिचा झिजला की त्याचे ओझे बहुधा कचऱ्याच्या खड्ड्यात जाते. खाली उरते ती दाबलेली खडी आणि निर्जीव जमीन.

येथे आम्हांस आपल्या धर्मशास्त्रातील एका व्यवस्थेचे स्मरण होते. गोव्यात वारसाचा कायदा निराळा असला, तरी मिताक्षरेचे तत्त्व आपल्या वाचकांना अपरिचित नाही. वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राला, आणि २००५ सालापासून कन्येलाही, जन्मतःच हक्क प्राप्त होतो. गर्भस्थ अपत्य जिवंत जन्मल्यास त्याचाही हक्क मानला जातो. कुटुंबाचा कर्ता मिळकत सांभाळतो, तिचे उत्पन्न कुटुंबासाठी खर्च करतो. परंतु कुटुंबाची गरज, मिळकतीचे हित किंवा अवश्य धर्मकृत्य यांवाचून ती विकण्याचा त्याला अधिकार नाही. देवस्थानच्या विश्वस्तांची स्थिती याहून फारशी वेगळी नसते.

कोणी म्हणेल, ‘परसाची जागा आम्ही स्वकष्टाने घेतली; तिला हे बंधन कशाला?’ कायद्याने हे उत्तर बिनतोड आहे. पण घर स्वकष्टार्जित असेल, माती कोणाचीच स्वकष्टार्जित नाही. बोटभर सुपीक थर तयार होण्यास शतके लागतात. तिच्यापुरते आपण सर्वच कर्ते आहोत, मालक नव्हे.

या कसोटीने पाहता मुलांचे खेळणे ही हौस नव्हे, खरी गरज आहे; ती नाकारावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. विचारायचे ते एवढेच की, आपल्यानंतर त्या घरात येणाऱ्याच्या हाती आपण काय ठेवणार? काढलेली सुपीक माती आवारातच राखून ठेवली, गालिचा खेळास लागेल तेवढाच घातला, रबर वर्ज्य केले, पाणी मुरण्यास वाट ठेवली, आणि उरलेल्या जागेत त्या प्रदेशाची अल्प पाण्यावर जगणारी झाडे लावली, तर तो उपभोग ठरेल. साऱ्या परसाला एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत झाकून टाकले, तर ती विक्रीच होय. आणि तीही, ज्यांची संमती घेता येत नाही अशांच्या हिश्शाची.

सकाळी अंथरुणातून उठून भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा आपल्यात प्रघात आहे. पाऊल ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, हे तो प्रघात जाणतो. पण पाऊल ठेवणे हा आपला हक्क आहे, असे मात्र तो म्हणत नाही.