खोक्यातली वाघीण

मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. 'वॅगन'ची वाघीण कुणी केली कोण जाणे, पण मुलांना हा शब्द फार आवडतो. आम्ही नारायणगड परिसरातले. बीड शहराला प्रवासी गाडी मिळाली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. अशा मुलखातल्या उर्दू शाळेच्या मास्तरांनी खेळण्यातल्या वाघिणींवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल.

अमेरिकेत 1940-50 च्या दशकांत मालडब्यांचे संच खोक्यात मिळत. आत लाकडी पट्ट्या, धातूचे ओतीव भाग, नावाची अक्षरे आणि एक सूचनापत्र. डबा घरी जोडायचा. माप खऱ्याच्या 87 व्या हिश्शाचे, म्हणजे 40 फुटी डबा साडेपाच इंचांचा. पुढे अ‍ॅथर्न कंपनीच्या निळ्या खोक्यांतल्या प्लास्टिकने हे काम सोपे केले. अँब्रॉइडने 'पाच हजारांतला एक' अशी मालिकाच काढली. आज हे जुने संच जमवणारे आणि त्यांची तपशीलवार नोंद ठेवणारे लोक आहेत.

पेच असा की, संच जोडला तर संच उरत नाही. न जोडावा तर डबा जन्मालाच येत नाही. ज्याने तो बनवला त्याने जोडण्यासाठीच दिला होता. मग खोके बंद ठेवणारा त्याची अमानत सांभाळतो, की दाबून ठेवतो?

बंद ठेवणाऱ्याची बाजू आम्हाला लंगडी वाटते. खोक्यातही वस्तू सुरक्षित नसते. जस्ताच्या ओतीव भागात शिशाची भेसळ असेल तर तो हात न लावताही आतून तडकतो, चुरा होतो. अक्षरे पिवळी पडतात. म्हणजे कुलूप काहीच वाचवत नाही, वाचवते ती नोंद: कोणता भाग, किती मापाचा, सूचनापत्रात काय छापले होते. एवढे उतरवून घेतले की खुशाल जोडावे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे. तिथल्या गाड्या धावतात, म्हणून मुले तिथून हलत नाहीत.

आपल्या घरांतही अशी खोकी आहेत. इनामाचे कागद, शजरे, मोडीतले आणि फारसीतले दस्त बासनात बांधून माळ्यावर ठेवलेले असतात. अदब म्हणून कुणी सोडत नाही. वाळवी मात्र अदब पाळत नाही, आणि ते वाचू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

रेल्वेचेच पाहा. शेजारच्या बार्शी लाइट रेल्वेचा पहिला मार्ग 1897 साली सुरू झाला. रूळ 762 मिलिमीटरचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने तिच्या वाघिणी 25 फूट लांबीच्या एकाच पोलादी चौकटीवर बेतल्या होत्या. 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला आणि ती छोटी गाडी गेली. तिच्या वाघिणीचा संच आमच्या पाहण्यात नाही. पण माप हाती आहे: 87 व्या हिश्शाने ती साडेतीन इंचांची होते. पुठ्ठ्यावर आखायला सातवीच्या मुलांना एक तास पुरतो.