एका छपराखाली दहा आणि दोन



आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथ येथील ख्रिस्तसभेला कान उघडून ऐकायला लावतो. ख्लोवेच्या घरच्या माणसांनी त्याला कळवले होते की, तुमच्या लोकांत तट पडले आहेत. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवतो, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. करिंथची ख्रिस्तसभा काही मोठी नव्हती. एखाद्या मोठ्या घराच्या ओटीवर आणि अंगणात मावेल एवढीच मंडळी असेल. तरी तट पडलेच. पौलाचे दुःख हे की, ख्रिस्त ही काही भावाभावांत वाटून घ्यायची जमीन नव्हे.

18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्तैक्य प्रार्थना सप्ताह आपण दरवर्षी पाळतो. खरे सांगायचे तर पाळतो म्हणजे मिस्सामध्ये एक विनंती वाचतो आणि सप्ताह संपतो. यंदा मी तुमच्यासमोर आपल्याच एका शेजारी ख्रिस्ती कुटुंबाची गोष्ट ठेवणार आहे. हे कुटुंब म्हणजे परंपरा जपणारे अँग्लिकन लोक. त्यांच्या घरात फूट पडली तेव्हा धर्मग्रामाचे काय झाले, हे आपण पाहू आणि मग आपल्याही घरात डोकावू.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने 1534 साली रोमशी संबंध तोडले आणि इंग्लंडची ख्रिस्तसभा वेगळी झाली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यानंतर तीनशे वर्षांनी, 1833 साली, ऑक्सफर्ड येथे जॉन केबल, जॉन हेन्री न्यूमन, एडवर्ड प्युझी या अँग्लिकन धर्मगुरूंनी एक चळवळ सुरू केली. त्यांचे म्हणणे होते की, आमची ख्रिस्तसभा हे सरकारचे एक खाते नाही. ती प्रेषितांपासून चालत आलेल्या एका ख्रिस्तसभेचा भाग आहे. या चळवळीतून जी अँग्लिकन धर्मग्रामे उभी राहिली तेथे आपण गेलो तर क्षणभर फसू. धूप, मेणबत्त्या, पापनिवेदन, रोजची मिस्सा, पवित्र मरियेची भक्ती, सारे काही तेथे आहे.

महाराष्ट्रालाही ही चळवळ परकी नाही. पुण्यातील पंचहौदचे पवित्र नाम देवालय याच परंपरेतल्या धर्मगुरूंनी उभारले. याच परंपरेतल्या वाँटेजच्या धर्मभगिनींनी पुण्यात सेवा केली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला तो या धर्मभगिनींच्या इंग्लंडमधील वाँटेज गावी. पुढे 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि उत्तर भारतातील अँग्लिकन मंडळी इतर काही पंथांबरोबर तिच्यात सामील झाली.

आता फुटीकडे येऊ. अमेरिकेतील अँग्लिकन ख्रिस्तसभेने 1976 साली स्त्रियांना याजकपद देण्याचे ठरवले. इंग्लंडच्या सिनडने 11 नोव्हेंबर 1992 रोजी तसाच निर्णय घेतला. प्रापंचिकांच्या सभागृहात लागणारे दोन-तृतीयांश बहुमत अगदी थोडक्या मतांनी मिळाले. मार्च 1994 मध्ये ब्रिस्टल येथे पहिल्या 32 स्त्रियांना दीक्षा मिळाली. 2003 साली अमेरिकेत, समलिंगी संबंधात उघडपणे राहणाऱ्या एका धर्मगुरूंचा बिशप म्हणून अभिषेक झाला. 2014 साली इंग्लंडने स्त्रियांना बिशपपदही खुले केले. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी प्रथमच एका स्त्रीचे, सारा मुलाली यांचे, नाव जाहीर झाले.

आपली कॅथलिक शिकवण स्पष्ट आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1994 साली सांगितले की, स्त्रियांना याजकपद देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही. परंपरावादी अँग्लिकनांचा प्रश्नही त्याच्या जवळचा होता. जी गोष्ट पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या साऱ्या प्राचीन ख्रिस्तसभेची आहे ती एका देशाच्या सिनडने हात वर करून बदलावी काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांना पुष्कळदा स्त्रियांचे शत्रू ठरवले गेले. तो अन्याय होता. त्यांच्यात कित्येक स्त्रियाही होत्या. पण दुसऱ्या बाजूलाही प्रार्थना करणारी, आजाऱ्यांची सेवा करणारी, मनापासून देवाची इच्छा शोधणारी माणसे होती, हेही आपण मान्य केले पाहिजे. फूट पडते तेव्हा सगळे चांगले लोक एका बाजूला आणि सगळे वाईट दुसऱ्या बाजूला असे होत नाही. तसे झाले असते तर दुःख फारच कमी झाले असते.

सिनडमध्ये मतदान होते आणि सभासद घरी जातात. जखम उघडी पडते ती धर्मग्रामात. 1992 च्या निर्णयानंतर इंग्लंडमध्ये चारशेहून अधिक अँग्लिकन धर्मगुरू आपली ख्रिस्तसभा सोडून गेले. जे राहिले त्यांच्यासाठी खास बिशप नेमण्यात आले. हे बिशप दुरून येऊन अशा धर्मग्रामांची काळजी घेत. लोक त्यांना उडते बिशप म्हणू लागले.

2009 च्या नोव्हेंबरात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी नवा मार्ग उघडला. अँग्लिकन लोकांनी एकेकटे न येता आपल्या धर्मगुरूंसह आणि आपल्या उपासनेच्या वारशासह कॅथलिक ख्रिस्तसभेत यावे, यासाठी 'ऑर्डिनरिएट' ही व्यवस्था झाली. ही धर्मप्रांतासारखीच रचना आहे. इंग्लंडसाठी ती 15 जानेवारी 2011 रोजी, अमेरिका व कॅनडासाठी 1 जानेवारी 2012 रोजी आणि ऑस्ट्रेलियासाठी जून 2012 मध्ये सुरू झाली. विवाहित धर्मगुरूंनाही पोपमहोदयांच्या विशेष परवानगीने कॅथलिक याजकपदाची दीक्षा मिळू लागली.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फोकस्टन नावाचे गाव आहे. तेथे मासेमारी बंदराजवळ, चढावर, संत पीटरचे अँग्लिकन चर्च आहे. आपल्या कोळी बांधवांनी हे ऐकावे: त्या चर्चमधून दरवर्षी समुद्राला आणि मासेमारीला आशीर्वाद देण्याची मिरवणूक निघते. 2010 साली या धर्मग्रामाच्या परिषदेने कॅथलिक ख्रिस्तसभेत जाण्याची इच्छा कळवली, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. पण परिषद म्हणजे सारा धर्मग्राम नव्हे आणि इमारत तर नव्हेच. पुढच्या वर्षी धर्मगुरू आणि त्यांच्याबरोबर काही लोक गेले. काही लोक राहिले. चर्च अँग्लिकनांकडेच राहिले.

त्या वर्षी इंग्लंडभर ऑर्डिनरिएटमध्ये जाणाऱ्यांनी राखेच्या बुधवारपासून ख्रिस्तशरीर स्वीकारणे थांबवले. जुन्या घराच्या वेदीपाशी जायचे नाही आणि नव्या घराची वेदी अजून आपली नाही, असा तो उपवासकाळ होता. पवित्र आठवड्यात त्यांचा कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला. धर्मगुरूंपैकी अनेकांना राहते घर आणि पगार सोडावा लागला. प्रापंचिकांनी सोडले ते चर्च, जेथे त्यांची लग्ने झाली होती, आणि ती दफनभूमी, जेथे त्यांचे आईबाप विसावले होते. जे मागे राहिले त्यांचेही दुःख पाहा. रविवारी त्यांच्या शेजारचा बाक रिकामा होता.

मग शहाणे कोण, गेले ते की राहिले ते? कॅथलिक म्हणून मी आनंदाने सांगतो की, पेत्राच्या वारसाशी ऐक्य ही ख्रिस्ताची इच्छा आहे आणि जे आले ते घरी आले. परंतु संत थॉमस अक्वायनस आपल्याला शिकवतात की, माणसाने आपल्या सद्सद्विवेकबुद्धीविरुद्ध वागू नये. ती चुकत असली तरीही तिच्याविरुद्ध वागणे पापच. मात्र ती बुद्धी सत्याच्या उजेडात घडवणे हेही त्याचे कर्तव्य आहे. ज्याची बुद्धी अजून त्याला थांब म्हणते त्याला ढकलण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्यासाठी दार उघडे ठेवण्याचा मात्र आहे.

न्यूमन यांचेच पाहा. ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर खेड्यात त्यांनी चर्च बांधले होते. त्याचा पायाचा दगड त्यांच्या आईने बसवला होता. 25 सप्टेंबर 1843 रोजी त्याच चर्चमध्ये त्यांनी अँग्लिकन धर्मगुरू म्हणून शेवटचे प्रवचन दिले. विषय होता मित्रांची ताटातूट. लोक हुंदके देत होते. दोन वर्षांनी, 9 ऑक्टोबर 1845 रोजी, ते कॅथलिक झाले. प्युझी आणि केबल मात्र अँग्लिकनच राहिले. वीसएक वर्षे गेली. 1865 साली न्यूमन केबल यांच्या दारी गेले, तेव्हा दोघांनी एकमेकांना ओळखलेच नाही, इतके म्हातारपण मध्ये आले होते. प्युझीही तेथे होते. तिघे जुने मित्र एका टेबलाशी जेवले. पुढच्याच वर्षी केबल वारले. न्यूमन 2019 साली संत झाले आणि 1 नोव्हेंबर 2025 रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. सत्यासाठी त्यांनी मित्र सोडले. पण मित्रावरचे प्रेम सोडले नाही. ते जेवण एकदाच झाले. वीस वर्षे उशिराच झाले म्हणा ना.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहायला बसलो ती सांगतो. अमेरिकेत बाल्टिमोर शहराजवळ 'ऑल सेंट्स सिस्टर्स ऑफ द पुअर' या अँग्लिकन धर्मभगिनींचा मठ होता. त्यांचा संघ इंग्लंडहून 1872 साली तेथे आला होता. 3 सप्टेंबर 2009 रोजी या मठातील बारांपैकी दहा धर्मभगिनींचा, एकाच वेळी, कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला. दोघी मात्र अँग्लिकनच राहिल्या.

त्या दोघींचे काय झाले? त्यांना मठ सोडावा लागला नाही. त्या आपल्या दहा भगिनींबरोबर त्याच घरात राहिल्या, त्याच कामात राहिल्या. सगळ्यात जवळच्या ठिकाणी, म्हणजे ख्रिस्तशरीराच्या मेजावर, आता फूट होती. ती लहान नव्हती आणि ती नाहीच असे भासवणेही खोटे ठरले असते. पण ताटे वेगळी झाली नाहीत.

बंधू-भगिनींनो, दुसऱ्याच्या घरची ही गोष्ट ऐकताना आपल्याला बरे वाटते, कारण तेथले लोक आपल्याकडे आले. आता उलट विचार करा. आपल्या वाड्यांतील काही कुटुंबे गेल्या काही वर्षांत आपल्या चर्चमध्ये येणे सोडून इतर प्रार्थना मंडळांत गेली आहेत. त्यांच्याशी आपण कसे वागतो? एका घरी साखरपुड्याचे आमंत्रण सख्ख्या भावाला गेले नाही. एका म्हातारीच्या आजारपणात शेजारचे कोणी फिरकले नाही, कारण ती आता आपली नाही. ज्यांच्या ओट्यावर बसून आपण एकत्र जपमाळ म्हटली, त्यांना रस्त्यात पाहून आपण दुसरीकडे बघतो.

दोष तुम्हालाच देऊन मी मोकळा होणार नाही. घरांना आशीर्वाद देण्यासाठी मी यादी घेऊन फिरलो, तेव्हा अशा एका घरावर मी स्वतः रेघ मारली. ते बोलावणार नाहीत, असे मी मनाशी म्हटले. मी विचारले मात्र नाही. पुढे त्या घरचे गृहस्थ मला बाजारात भेटले आणि म्हणाले, "फादर, आम्ही वाट पाहिली होती. चहा तरी घेतला असता." माझ्याजवळ उत्तर नव्हते. तत्त्वज्ञानाची पदवी अशा वेळी कामाला येत नाही.

त्यांचा निर्णय बरोबर होता, असे मी म्हणत नाही. आपल्या विश्वासात आणि त्यांच्या शिकवणीत खरा फरक आहे. संस्कारांविषयी, पवित्र मरियेविषयी, पोपमहोदयांविषयी कोणी विचारले तर न घाबरता, नीट अभ्यास करून उत्तर द्या. सगळे सारखेच, असे म्हणून वाद मिटवू नका. त्याने फूट बुजत नाही, नुसती झाकली जाते. पण ते गेले तेव्हा आपण त्यांना काय दिले होते, हेही विचारा. त्यांच्या घरातल्या दुःखात आपण कितीदा गेलो होतो? ते दोन महिने मिस्साला दिसले नाहीत, हे आपल्यापैकी कोणाच्या ध्यानात आले होते?

या सप्ताहासाठी मी फार मोठे काही मागत नाही. प्रत्येक कुटुंबाने आपल्यापासून तुटलेल्या एका घरी जावे. धर्माची चर्चा करायला नव्हे, विचारपूस करायला. जमल्यास घरात केलेले काही खाऊ घेऊन जावे. रात्रीच्या जपमाळेत त्या घराचे नाव घ्यावे. मीही रेघ मारलेल्या त्या घरी याच आठवड्यात जाणार आहे. दार उघडेल की नाही ते मला माहीत नाही. ठोठवायचे मात्र माझे काम आहे.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तुझ्या दुःखाच्या आदल्या रात्री तू आमच्या ऐक्यासाठी पित्याला विनवलेस. घर सोडून सत्याच्या शोधात निघालेल्यांना बळ दे. मागे राहिलेल्यांचे सांत्वन कर. आमच्या अँग्लिकन बंधुभगिनींच्या जखमा भरून काढ. आणि आमच्या वाडीत, आमच्या ओट्यावर, ज्यांच्यासाठी आम्ही जागा ठेवली नाही त्यांच्यासाठी आम्हाला पुन्हा जागा करायला शिकव. आमेन.

आपला,
धर्मगुरू